फ्री डिश : रेकॉर्डिंग मधेच तुटतं, टायमर भलत्या वेळी चालतो आणि पाऊस पडला की अर्धे चॅनल गायब

माडाखालचा :
मंडळी नमस्कार, जरा मदत पाहिजे. मी ठाण्यात असतो, आईबाबा गावी, देवगड तालुक्यात. घरी डीडी फ्री डिश आहे, ६० सेंटिमीटरची छत्री मागच्या पडवीच्या स्लॅबवर, आणि बॉक्स जरा बरा घेतलेला, यूएसबीला डिस्क लावली की रेकॉर्डिंग होतं असा. बाबांना सह्याद्रीच्या सातच्या बातम्या रेकॉर्ड करून जेवताना बघायच्या असतात (सातला ते देवळात असतात) आणि आईला दुपारचे पिक्चर.

गेले काही महिने नुसत्या भानगडी चालू आहेत. एक म्हणजे रेकॉर्डिंग सुरू केलं की पाच-पंधरा मिनिटांत चित्र चौकोन चौकोन होतं, अडकतं, कधीकधी बॉक्स स्वतःच बंद होऊन परत चालू होतो, फाइल अर्धवट. दुसरं, पाऊस पडला की काही चॅनल जातात, सगळे नाही, आणि पाऊस थांबला तरी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत येत नाहीत. तिसरं, टायमर लावला तर बातम्यांऐवजी भलतंच काहीतरी रेकॉर्ड झालेलं असतं.

तिथला डिशवाला येऊन एलएनबी (छत्रीच्या तोंडासमोर असतो तो सिग्नल पकडणारा डबा) बदलून गेला, आणि आता म्हणतो डिस्क खराब आहे ती बदला. डिस्क मी ठाण्याला आणून लॅपटॉपवर पूर्ण तपासली, एकही एरर नाही. मेनूत स्ट्रेंथ ८८, क्वालिटी ६० च्या घरात, म्हणजे सिग्नल तर झकास दिसतो. मग घोडं अडतंय कुठे? गणपतीला जाणार आहे, तेव्हा एकदाच काय ते सामान घेऊन जाईन म्हणतो.

सरळमार्गी :
पावसात डिश जाणारच हो. कोकणात राहायचं आणि छत्रीवर टीव्ही बघायचा म्हणजे हे आलंच. सगळ्यांचीच जाते.

बिनधास्त बंड्या :
अजून डिश? फायबर घ्या, स्मार्ट टीव्ही घ्या, विषय संपला.

माडाखालचा :
बंड्याशेठ, फायबर गावाच्या फाट्यापर्यंत आलंय, आमच्या वाडीत नाही. मोबाइलला रेंज पाहिजे तर पाणंदीत जाऊन उभं राहावं लागतं. आणि फ्री डिशला महिन्याचे पैसे नाहीत हा बाबांचा मुख्य मुद्दा आहे, त्यावर आमच्याकडे चर्चा होत नाही.

मालवणी खाजा :
आधी छत्री हललेली हा काय ता बघा. आमच्याकडे माकडांका छत्री म्हणजे झोपाळोच वाटता. आमची तर चार-पाच महिन्यांतून एकदा तरी फिरतेच, आता पाइपावर आणि क्लॅम्पवर ऑइल पेंटची एक सरळ रेघ मारून ठेवलीय, रेघ जुळवली की काम झालं, डिशवाल्याची वाट बघायला नको. खाऱ्या हवेत नटबोल्ट गंजून ढिले होतात ते वेगळंच. स्टेनलेसचे घ्या, रत्नागिरीत हार्डवेअरच्या दुकानात मिळतात.

सोल्डरगन :
मी मिरजेला टीव्ही रिपेअरिंगच्या धंद्यात आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सरळमार्गी म्हणतात ते अर्धंच बरोबर आहे. फ्री डिश केयू बँडवर आहे, ११-१२ गिगाहर्ट्झच्या आसपास, तिथे तरंगाची लांबी अडीच सेंटिमीटर, त्यामुळे जोराच्या पावसात सिग्नल शोषला जातो हे खरं. पण तो ढग पुढे सरकला की दहा-पंधरा मिनिटांत सगळं परत येतं. आणि गेलं तर बहुतेक सगळंच जातं. तुमच्याकडे काही जातात, काही राहतात, आणि दुसऱ्या दिवशी ऊन पडल्यावर येतात. ऊन पडल्यावर येतं म्हणजे काहीतरी वाळतंय. आकाशातलं नाही, तुमच्या स्लॅबवरचं.

दुसरं, स्ट्रेंथ ८८ बघून खूश होऊ नका. स्ट्रेंथचा आकडा म्हणजे केबलमधून बॉक्सपर्यंत किती आवाज येतोय एवढंच, त्यात सॅटेलाइटही आलं आणि एलएनबीचा स्वतःचा गोंगाटही आला. छत्री उपग्रहाकडे पाठ करून ठेवली तरी स्ट्रेंथ ७०-८० दाखवणारे बॉक्स मी बघितलेत. कामाचा आकडा क्वालिटी. स्ट्रेंथ भरपूर आणि क्वालिटी शून्य असेल तर एलएनबी जिवंत आहे पण छत्रीचं तोंड चुकलंय. दोन्ही शून्य असेल तर एलएनबीला करंटच जात नाहीये, केबल तुटली किंवा कनेक्टरमध्ये शॉर्ट. तुमच्याकडे दोन्ही आहेत, म्हणजे छत्री ढोबळमानाने जागेवर आहे.

आता एक काम करा. पाऊस पडेल तेव्हा घरच्यांना सांगा, गेलेल्या चॅनलवर इन्फो बटण दोनदा दाबून फ्रिक्वेन्सी लिहून ठेवायची. राहिलेल्या चॅनलची पण. चॅनलची नावं नकोत, फ्री डिशच्या जागांचा लिलाव झाला की चॅनल इकडचे तिकडे जातात, नावावरून काही कळत नाही.

आणि रेकॉर्डिंगचं म्हणाल तर डिस्क काढून ठेवा आणि तोच चॅनल दोन तास नुसता बघा. अडकतं का?

रवाळ तूप :
टायमरचं कोणी विचारलंच नाही. भलतंच म्हणजे नक्की काय रेकॉर्ड होतं? दुसरा चॅनल की त्याच चॅनलवरचं दुसऱ्या वेळचं?

माडाखालचा :
ताई, चॅनल तोच, सह्याद्री. वेळ वेगळी. बाबा म्हणतात रात्रीचं काहीतरी असतं, सगळे झोपलेले असतात तेव्हाचं. कितीचं ते त्यांना कळत नाही.

रवाळ तूप :
साडेबाराचं असणार. बघून सांगा.

माडाखालचा :
कसं काय ओळखलंत?? शेजारच्या मुलाला फोन करून बघायला लावलं, फाइलवर नोंद १९:०० ची आहे, पण तो स्वतः एकदा रात्री जागा होता तेव्हा साडेबाराला बॉक्सचा लाल दिवा हिरवा झालेला त्याने बघितला.

रवाळ तूप :
अहो साडेपाच तासांचा फरक. सॅटेलाइटवरून जी वेळ येते ती जागतिक वेळ असते, बॉक्सला आपण सांगायचं असतं की भारत यात साडेपाच तास मिळवतो. ते सेटिंग शून्यावर असेल तर बॉक्सच्या घड्याळात सात वाजतात तेव्हा आपल्याकडे साडेबारा वाजलेले असतात. डिशवाल्याने एलएनबी बदलल्यावर फॅक्टरी रीसेट मारून परत स्कॅन केलं असेल, बहुतेक तसंच करतात, सगळी सेटिंगं उडतात. मेनूत टाइम झोन किंवा जीएमटी ऑफसेट असं काहीतरी असेल तिथे +५:३० करा. काही बॉक्समध्ये अर्ध्या तासाची पायरी येतच नाही, मग जीएमटी यूसेज ऑफ करून घड्याळ हाताने लावावं लागतं, पण ते लाइट गेली की परत विसरतं.

अजून एक. टायमर चालायला बॉक्स स्टँडबायवर असावा लागतो. तुमच्याकडे कोणी भिंतीवरचं बटण बंद करत नाही ना?

माडाखालचा :
आई करते. जवळजवळ रोज. दोन्ही बटणं, टीव्हीचं आणि बॉक्सचं, आणि वर इन्व्हर्टरचंही करायला बघते. तिला सांगून उपयोग नाही, विजा चमकतात म्हणून करते आणि तेही बरोबरच आहे.

ठाणे लोकल :
आईंचं बरोबर आहे. विजांच्या दिवसात नुसतं बटण नाही, केबलपण मागून काढून ठेवावी. बाकी दिवसांसाठी बटणावर चिकटपट्टी लावून 'बाबांच्या बातम्या' लिहा.

सोल्डरगन :
तूपताई, झकास. मला साडेपाच तास सुचलेच नसते एवढ्या पटकन.

मिस्त्री ८२ :
रेकॉर्डिंग तुटायचं कारण मी सांगतो, डिस्क फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेली असणार. त्यात एक फाइल ४ जीबीच्या वर जात नाही. त्याऐवजी एनटीएफएस फॉरमॅट करा.

रवाळ तूप :
पाच-पंधरा मिनिटांत ४ जीबी नाही होत हो. साधा चॅनल ४ एमबीपीएसचा धरला तरी तासाला १.८ जीबी, म्हणजे ४ जीबीला दोन तासांच्या वर लागतात. आणि चांगले बॉक्स तिथे आपोआप दुसरी फाइल सुरू करतात. उलट एनटीएफएस केली तर बरेच स्वस्त बॉक्स डिस्क ओळखतच नाहीत.

मिस्त्री ८२ :
बरं. पण माझ्याकडे त्यानेच झालं होतं. तीन तासांचा पिक्चर होता.

माडाखालचा :
अपडेट. डिस्क काढून काल संध्याकाळपासून रात्रीपर्यंत टीव्ही चालू होता, एकदाही अडकला नाही. डिस्क लावली, रेकॉर्ड दाबलं, थोड्या वेळात परत तेच. आणि शेजारच्या मुलाने हुशारी केली, मेनूत सिग्नलचं पान उघडून बसला. डिस्क नसताना क्वालिटी ६२. डिस्क लावली की ५० च्या खाली येते आणि खालीवर नाचते. डिस्कचा आणि छत्रीचा संबंध काय पण? मी चक्रावलोय.

सोल्डरगन :
आला चोर हाताला. संबंध आहे, आणि हाच तो मुद्दा जो नव्वद टक्के डिशवाले बघत नाहीत, एलएनबी बदलून पैसे घेऊन जातात.

छत्रीवरच्या एलएनबीला वीज कुठून मिळते? बॉक्समधूनच, त्याच केबलवरून. व्हर्टिकल (उभ्या लहरींच्या) चॅनलला १३ व्होल्ट, हॉरिझॉन्टलला (आडव्या) १८. एलएनबी साधारण शंभर-दीडशे मिलिअँपिअर खातो. डिस्कला ५ व्होल्ट, तेही बॉक्समधूनच. अडीच इंची फिरती डिस्क सुरू होताना एक अँपिअरच्या जवळ ओढते आणि यूएसबी २ च्या पोर्टने कायद्याने ५०० मिलिअँपिअरच द्यायचे असतात. हे सगळं येतं त्या एका अडॅप्टरमधून जो तुमच्या टीव्हीच्या मागे धुळीत पडलेला आहे. अडॅप्टर नवा असताना हे सगळं निभावतं. चार-पाच वर्षं उन्हाळ्यात, बंद शोकेसमध्ये, व्होल्टेज खालीवर होत असलेल्या लायनीवर राहिला की आतले कपॅसिटर (वीज साठवून धरणारे भाग) सुकतात. मग नुसता टीव्ही बघायला पुरतो, पण डिस्क लावली की व्होल्टेज बसतं, एलएनबीला कमी पडतं, क्वालिटी पडते, चित्राचे चौकोन होतात, फारच बसलं तर बॉक्स रीस्टार्ट. डिस्क बिचारी निर्दोष.

बॉक्सच्या मागे काय लिहिलंय बघा, १२ व्होल्ट किती अँपिअर?

माडाखालचा :
१२ व्होल्ट १.५ अँपिअर. पण दादा, मुलाकडे मीटर आहे, त्याने पिन काढून मोजलं तर १२.१ व्होल्ट बरोबर दाखवतोय.

सोल्डरगन :
पिन काढून मोजलं तर दाखवणारच. लोड नसताना मेलेला अडॅप्टरही १२ दाखवतो. बॉक्स चालू, डिस्क फिरते आहे, रेकॉर्डिंग चालू आहे, तेव्हा मोजायला पाहिजे, आणि साध्या मीटरला तर तेव्हाही कधी कधी दिसत नाही कारण तो सरासरी दाखवतो, आतले खळगे दाखवत नाही. त्यापेक्षा सरळ नवा आणा. व्होल्ट १२ च पाहिजेत, ना कमी ना जास्त. अँपिअर १.५ किंवा वर, २ चा घ्या, जास्त अँपिअरने काही जळत नाही, बॉक्स त्याला लागेल तेवढाच ओढतो. पिनची जाडी आणि मधला प्लस आहे का बघून घ्या. घरात राउटरचा १२ व्होल्टचा पडलेला असेल तर आधी तो लावून बघता येईल, पण बरेच राउटरवाले १ अँपिअरचे असतात, त्याने निष्कर्ष काढू नका.

आणि डिस्कऐवजी चांगल्या कंपनीचा ६४ जीबीचा पेन ड्राइव्ह लावला तरी बाबांच्या बातम्यांना रग्गड झाला, वीजही कमी खातो. रस्त्यावर मिळणारे स्वस्त ड्राइव्ह नकोत, लिहिण्याचा वेग मधेच पडतो आणि परत तुम्ही इथे येऊन विचाराल की रेकॉर्डिंग का तुटतं. डिस्कच पाहिजे असेल तर स्वतःचा अडॅप्टर असलेला यूएसबी हब मधे टाका.

ज्यांच्या बॉक्समध्ये पॉवर सप्लाय आतच आहे, थेट २३० ची वायर जाते, त्यांनी हौसेने उघडू नका. आत एक मोठा कपॅसिटर असतो, त्यावर ३२५ व्होल्टच्या आसपास असतात आणि प्लग काढल्यावरही काही वेळ राहतात. ज्याला येतं त्याच्याकडे न्या. डोकं फुगलेला कपॅसिटर बदलायला मेकॅनिक फार घेत नाही.

सरळमार्गी :
हे भारी आहे. आमच्याकडे बॉक्स महिन्यात दोनदा हँग होतो, आम्ही दर वेळी छत्री पुसतो.

पणजीकर :
माझा प्रश्न जरा वेगळा पण रेकॉर्डरचाच आहे. आमच्याकडे पैसे भरायची डीटीएच आहे, आत हार्ड डिस्क असलेला जुना रेकॉर्डिंग बॉक्स. म्हापशाहून घर बदललं तेव्हापासून एक चॅनल रेकॉर्डिंगला लावला की दुसरा बघायला जावं तर नो सिग्नल. कस्टमर केअरवाले म्हणतात बॉक्स बदला. आणि दुसरं म्हणजे त्यात मुलीच्या शाळेचा कार्यक्रम टीव्हीवर आला होता त्याचं रेकॉर्डिंग आहे, ते कॉम्प्युटरवर काढता येईल का?

सोल्डरगन :
पणजीकर, बॉक्सच्या मागे दोन केबल जातायत का एक? त्या जुन्या बॉक्समध्ये दोन ट्यूनर (चॅनल पकडणारे भाग) असतात, प्रत्येकाला एलएनबीपासून स्वतंत्र केबल लागते, एलएनबीही दोन तोंडांचा. घर बदलताना लावणाऱ्याने कंटाळा करून एकच ओढली असेल. स्प्लिटर टाकून एकाच्या दोन केल्या तर चालत नाही, कारण एक ट्यूनर १३ व्होल्ट मागतो तेव्हा दुसरा १८ मागत असतो, एलएनबी ऐकणार कोणाचं. बॉक्स बदलू नका, दुसरी केबल टाकून घ्या.

रेकॉर्डिंगचं मात्र वाईट वाटतं सांगायला. पैसेवाल्या डीटीएचची रेकॉर्डिंगं कुलूपबंद असतात, त्या बॉक्सला आणि कार्डाला बांधलेली. डिस्क काढून कॉम्प्युटरला लावली तर तो फॉरमॅट करा म्हणेल, चुकूनही हो म्हणू नका. कनेक्शन चालू आहे तोवर टीव्हीवर लावा आणि बॉक्सच्या पिवळ्या-लाल-पांढऱ्या आउटपुटवरून कॅप्चर कार्ड किंवा जुना डीव्हीडी रेकॉर्डर असेल तर त्यावर उतरवून घ्या. फ्री डिशचं तसं नाही, बहुतेक चॅनल खुले आहेत, फाइल सरळ लॅपटॉपवर व्हीएलसीत चालते.

पणजीकर :
एकच केबल आहे! म्हापशाला दोन होत्या, आता आठवलं. देव बरें करूं.

माडाखालचा :
पाऊस झाला काल. मुलाने लिहून पाठवलंय. गेलेले : ११५९०, ११६३०. राहिलेले : ११०९०, १११७०. मधले ११५१० चे अडकत अडकत. यातून काय समजायचं?

रवाळ तूप :
वरच्या फ्रिक्वेन्सी आधी जातायत. केबल ओली आहे.

सोल्डरगन :
बरोबर. जरा गणित सांगतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. छत्रीवर ११ हजार मेगाहर्ट्झ येतं ते तसंच्या तसं केबलमधून येत नाही, एलएनबी त्यातून ९७५० वजा करून खाली पाठवतो. म्हणजे ११०९० चं केबलमध्ये १३४० होतं आणि ११६३० चं १८८०. केबलमध्ये जेवढी फ्रिक्वेन्सी जास्त तेवढा तोटा जास्त. चांगल्या कोरड्या आरजी-६ मध्ये (डिशची नेहमीची केबल) हा फरक किरकोळ, वीस मीटरला काही वाटत नाही. पण केबलच्या आतल्या तारांच्या जाळीत पाणी शिरलं की वरच्या टोकाची वाट लागते, खालचं तग धरतं. तुमची यादी त्याच क्रमाने आहे.

सिग्नलवाला :
मी मोबाइल टॉवरच्या कामात होतो. अजून एक शक्यता. १८०० बँडवर टॉवर १८०५ ते १८८० मेगाहर्ट्झवर बोलतो. ११५९० चं केबलमध्ये १८४० होतं, ११६३० चं १८८०. थेट टॉवरच्या अंगावर. जवळपास टॉवर असेल आणि केबलची जाळी किंवा कनेक्टर ढिला असेल तर ते आत घुसतं आणि नेमके हेच चॅनल मारतं. शहरात हे सर्रास दिसतं, लोक म्हणतात ठराविकच चॅनल का जातात.

माडाखालचा :
पण आमच्याकडे रेंजच नाही म्हटलं ना, टॉवर कुठला.

सिग्नलवाला :
हां, मग पाणीच. पण ठाण्या-पुण्यातल्यांनी लक्षात ठेवा.

मालवणी खाजा :
आमच्या वाडीत खारीने केबल कुरतडलेली होती, बाहेरून नखाएवढं भोक, आतून सगळी जाळी हिरवी. वर चढून हाताने चाचपत जा.

सोल्डरगन :
हिरवी दिसली की केबल टाकून द्या, तेवढाच तुकडा कापून जोड देऊ नका. पूर्ण बदला, वीस-पंचवीस मीटर आरजी-६ फार महाग नाही. केबलच्या टोकाचे एफ कनेक्टर पिळून बसवायचे येतात ते तात्पुरते, जमलं तर दाबून बसवणारे घ्या, तालुक्याला केबलवाल्याकडे पक्कड असते. एलएनबीच्या तोंडाशी काळी इन्सुलेशन टेप गुंडाळतात ती एका उन्हाळ्यात सुटते आणि उलट पाणी धरून ठेवते. रबराची ताणून गुंडाळायची टेप येते, स्वतःलाच चिकटते, ती लावा. सिलिकॉन लावायचं असेल तर व्हिनेगरचा वास येणारं नको, ते तांबं खातं. आणि केबल घरात शिरायच्या आधी खाली एक झोळ द्या म्हणजे पाणी तिथून ठिबकेल, बॉक्सपर्यंत येणार नाही.

चढलाच आहात तर छत्रीपण बघून घ्या. पाइप ओळंब्यात आहे का बघा, तो तिरका असेल तर पुढचे सगळे अंश खोटे. फ्री डिशचा उपग्रह जीसॅट-१५ आहे ९३.५ अंश पूर्वेला, तुमच्याकडून बघायचं तर आग्नेयेला, उत्तरेपासून साधारण १२८ अंश, आणि आकाशात ६० अंश वर. ऑफसेट छत्री (एलएनबी मधोमध नसून खालच्या बाजूला असतो ती) असल्यामुळे ती दिसताना मात्र बरीच उभी दिसते, घाबरू नका. मेनूत ११०९० व्हर्टिकल, सिंबॉल रेट २९५०० लावून क्वालिटी बघत बघत केसभर केसभर हलवा. आणि दर वेळी हलवल्यावर थांबा, बॉक्सचा आकडा दोन-तीन सेकंद मागे असतो. शेवटी एलएनबी क्लॅम्पमध्ये थोडा डावी-उजवीकडे फिरवून बघा, बरेचदा तिथेच पाच-सहा आकडे लपलेले असतात.

माडाखालचा :
आयडी वरून कळलंच असेल, आग्नेयेला माड आहेत.

सोल्डरगन :
६० अंश वर बघायचंय म्हणजे बरं आहे. झाड छत्रीपेक्षा पाच मीटर उंच असेल तर ते तीन मीटरपेक्षा लांब असलं की झालं. जवळ असेल तर झावळी काढून घ्या, ओली झावळी सुक्यापेक्षा जास्त अडवते.

ठाणे लोकल :
धागा वाचखूण साठवला.

माडाखालचा :
गावाहून आलो. क्रमाने सांगतो.

नवा अडॅप्टर १२ व्होल्ट २ अँपिअर लावला. डिस्क तीच, बॉक्स तोच. क्वालिटी डिस्क लावल्यावरही हलत नाही, आईचा तीन तासांचा पिक्चर सलग रेकॉर्ड झाला (मिस्त्री, दोन फाइली झाल्या, आपोआप). जुना अडॅप्टर हलवला तर आत काहीतरी खुळखुळतं.

केबल एलएनबीपाशी उघडली तर कनेक्टरमधून अक्षरशः थेंब पडला. तांबं हिरवं. डिशवाल्याने नवा एलएनबी लावताना जुनाच कनेक्टर परत पिळला होता, वर काळी टेप. पूर्ण केबल बदलली, रबराची टेप, झोळ दिला. पाइप ओळंब्यात नव्हता, गवंड्याकडून ओळंबा आणून सरळ केला. एलएनबी थोडा फिरवला. क्वालिटी ६२ ची ७८ झाली. त्यानंतर दोन दिवस धो धो होता, फार जोराची सर आली तेव्हा पाच मिनिटं सगळेच चॅनल गेले आणि सगळेच परत आले.

टाइम झोन +५:३० केला. बटणावर चिकटपट्टी लावली, आईने दुसऱ्या दिवशी काढली. त्यावर बाबांनी बॉक्सचा प्लग कपाटामागच्या सॉकेटला नेलाय जिथे तिचा हात पोचत नाही. ती विजांचं म्हणते त्याचं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही.

रवाळ तूप :
बाबांना सांगा विजांच्या दिवशी बातम्या सोडा. बॉक्स महाग आहे बातम्यांपेक्षा.

मालवणी खाजा :
रेघ मारलात मा पाइपार?

माडाखालचा :
मारली. लाल ऑइल पेंट.

सरळमार्गी :
सोल्डरगन साहेब, जाता जाता एक. आमच्याकडे पुण्यात ऊन कडक असताना, ढग नाही काही नाही, दुपारी बाराच्या सुमारास चित्र जातं आणि पाच-सात मिनिटांनी आपोआप येतं. मागच्या मार्चमध्येही असंच चार-पाच दिवस झालं होतं आणि आता परत सप्टेंबरच्या शेवटी सुरू झालंय. हापण अडॅप्टरच का?

सोल्डरगन :
नाही, हा सूर्य. वर्षातून दोनदा, मार्चच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास आणि सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीला, सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे येतो आणि छत्रीला त्याचाच गोंगाट ऐकू येतो. बाराच्या सुमारास म्हणजे तुमची ८३ अंशावरची डीटीएच असणार. ९३.५ वाल्यांना पुण्यात अकराच्या आसपास होतं, १०८ वाल्यांना दहाच्या. अजून दोन-तीन दिवस चालेल. त्या वेळात मेनूत जाऊन स्कॅन-बिन करू नका, सेव्ह केलेले चॅनल उडतील, आणि कोणाला बोलावून व्हिजिट चार्जही देऊ नका, तो जिना चढेपर्यंत चित्र आलेलं असेल.